पंप कोणाच्या खात्यात?

मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्याच्या जरा अलीकडे, एक सात मजली सोसायटी आहे. फ्लॅट २८, लिफ्ट एक, पंप दोन. त्यांतला एक कायम दुरुस्तीला गेलेला. सोसायटीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. नाव छापून आलं की या लेखाला उत्तर देणं कोणाच्या खात्यात येतं यावर सभा भरेल, आणि त्या सभेचं इतिवृत्त प्रस्तुत लेखकालाच लिहावं लागेल.

गेल्या मे महिन्यात एका रात्री पावणेबाराच्या सुमाराला उरलेल्या पंपाने असहकार पुकारला. वॉचमनने केबिनशेजारचं हिरवं बटण दाबलं, मोटर घरघरली, पण पाणी काही वर चढेना. गच्चीवरच्या टाकीत तळाला वीतभर पाणी. वॉचमन नवा होता आणि आज्ञाधारक होता, हे दोन्ही दोष एकाच वेळी. त्याला बजावून ठेवलं होतं की काहीही बिघडलं तरी आधी नोटीस बोर्डावरचा तक्ता बघायचा आणि तिथे जो नंबर दिसेल त्यालाच फोन करायचा. त्याने मोबाइलच्या उजेडात तक्ता वाचला. 'पाणी : ५०१.'

५०१ने विचारलं, "खालच्या टाकीत पाणी आहे का?"

"फुल है साब."

"मग पाण्याचा प्रश्नच नाही. पंप म्हणजे लाइट. २०३ला लाव."

२०३ झोपेतून उठून म्हणाले, "मोटर आवाज करतेय ना? म्हणजे करंट आहे. लाइटचं काम तिथे संपलं."

तिसरा फोन ६०४ला, कारण 'यंत्रसामग्री' त्यांच्याकडे. ६०४ सहकुटुंब गणपतीपुळ्याला गेले होते आणि त्यांच्याबरोबर पंपरूमची चावीही देवदर्शनाला गेली होती. "उद्या दर्शन झालं की निघतोच," ते म्हणाले, आणि सगळ्यांसाठी फणसपोळी आणतोय असंही म्हणाले. तेवढ्यात बातमी फुटली, घराघरांतून बादल्या लागल्या आणि वीतभर होतं ते पाणीही पंधरा मिनिटांत संपलं.

हा तक्ता आला कुठून, हे सांगायला आदल्या सप्टेंबरात जावं लागतं.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणून मुंबईतल्या निम्म्या सोसायट्या ती शेवटच्या रविवारी घेतात आणि खुर्च्या भाड्याने देणाऱ्याचा गणपतीनंतर पुन्हा एकदा सीझन होतो. गणसंख्येचा नियम असा : सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांत जो आकडा लहान तो. २८ सभासदांना १९ माणसं लागतात. ती कधीच जमत नाहीत. पण उपविधी लिहिणाऱ्याने सोसायटीत दिवस काढलेले असावेत. गणसंख्या झाली नाही तर सभा तहकूब करून त्याच दिवशी थोड्या वेळाने पुन्हा घेता येते आणि त्या दुसऱ्या सभेला गणसंख्येचं बंधन नाही. त्यामुळे नोटिशीतच छापलेलं असतं : सकाळी १० वाजता, गणसंख्येअभावी तहकूब झाल्यास त्याच ठिकाणी १०.३० वाजता. दहाला येतात ते फक्त नवीन राहायला आलेले. जुने सभासद १०.३५ला दात कोरत उतरतात. पहिली सभा तहकूब होण्यासाठीच असते. तिला वेळेवर जाऊन गणसंख्या पूर्ण करणं म्हणजे शुभकार्यात शिंकणं.

करोनाच्या काळात सभा ऑनलाइन घ्यायला सरकारने परवानगी दिली तेव्हा या सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा गणसंख्या वेळेवर झाली. चोवीस चौकटींत चोवीस घरं दिसत होती, दोन ठिकाणी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. चेअरमननी विचारलं, "खजिनदारपदासाठी कोण तयार आहे?" आणि एकाच क्षणी सतरा जणांचं नेटवर्क गेलं.

तर त्या सप्टेंबरात सभा पार्किंगमध्ये भरली. विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा विषय : नवीन व्यवस्थापक समिती. सभासद शंभरपर्यंत असतील तर समिती अकरा जणांची, असं उपविधी सांगतात. आता २८ फ्लॅट. सहा भाड्याने दिलेले, मालक ठाण्याला, पुण्याला आणि एक थेट टोरांटोला. तिघे थकबाकीदार, म्हणून अपात्र. तेच सभेत सर्वांत जास्त बोलतात. दोघांचं सोसायटीविरुद्ध कोर्टात चालू. उरले सतरा. सतरातल्या प्रत्येकाच्या घरात यंदा कोणी ना कोणी दहावीला होतं. ३०४ची मुलगी तर गेली सहा वर्षं दहावीला आहे. मध्यंतरी तिचं लग्नही झालं.

चेअरमनपदाला मात्र चार उमेदवार. यालाही कारण आहे. उपविधींत चेअरमनचं काम एका परिच्छेदात आटपतं : देखरेख, नियंत्रण, मार्गदर्शन. सेक्रेटरीची कामं मात्र सगळी मुळाक्षरं वापरून पुढे चालू राहतात. शेअर सर्टिफिकेटं देणं, नोटिसा काढणं, सभा बोलावणं, इतिवृत्त लिहिणं, दप्तर सांभाळणं, इमारतीची पाहणी करणं, थकबाकीची पत्रं पाठवणं. मार्गदर्शन करायला मुलुंडमध्ये माणसं कधीच कमी पडली नाहीत.

या सोसायटीचे सेक्रेटरी मध्य रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. गेली नऊ वर्षं मानद सचिव. 'मानद' या शब्दात मान असतो, असा एक समज आहे. नऊ वर्षांच्या अनुभवानंतर तो मान नसून ती मान आहे, असं सेक्रेटरींचं मत झालं आहे. दर सभेत ते राजीनामा देतात. राजीनाम्याचा मसुदा तयार असतो, फक्त साल बदलायचं. तो मंजूर होत नाही, कारण उपविधींनीच तशी सोय केली आहे : पदाधिकाऱ्याने आपलं काम अद्ययावत केलं आहे आणि सगळी कागदपत्रं हजर केली आहेत, अशी समितीची खात्री पटल्यावरच राजीनामा स्वीकारायचा. आता कुठल्या सोसायटीचं काम कधी अद्ययावत झालं आहे? काम संपत नाही म्हणून राजीनामा, आणि काम संपल्याशिवाय राजीनामा नाही.

"मग प्रशासक येऊ दे," सेक्रेटरी वैतागून म्हणाले.

पार्किंगमध्ये शांतता पसरली. समितीच उभी राहिली नाही तर निबंधकांच्या कार्यालयातून प्रशासक नेमला जाऊ शकतो आणि त्याचं मानधन सोसायटीच्याच खिशातून जातं. लहान मुलांना बागुलबुवा, तसा सोसायटीला प्रशासक. कोणी पाहिलेला नसतो, पण त्याचं नाव काढलं की सगळे मुकाट जेवतात.

याच शांततेत १०१ उभे राहिले. ते ८३ वर्षांचे आहेत आणि दर सभेत बोलतात. सुरुवात नेहमी गावदेवीपासून. १९१५ साली रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी तिथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी काढली, मुंबईतली पहिली. ताडदेवच्या तालमकीवाडीला त्यांचंच नाव आहे. नऊ वर्षं आधी, १९०६ साली, शामराव विठ्ठल बँक त्यांनीच काढली. "त्या लोकांनी पदरमोड करून संस्था उभ्या केल्या," १०१ सद्गदित होऊन सांगतात. एरवी चहा येईपर्यंत ते १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमापर्यंत पोचतात. या वेळी कोणीतरी मध्येच विचारलं, "काका, मग यंदा तुम्ही सेक्रेटरी होता का?" काका खाली बसले. गुडघ्याचं कारण त्यांनी दिलं नाही. नुसता गुडघ्यावर हात ठेवला.

अशा वेळी ७०२ने लॅपटॉप उघडला.

७०२ बीकेसीत एका कंपनीत मॅनेजर आहे. वय ३४, सोसायटीच्या मानाने बालक. त्याने पार्किंगच्या भिंतीवर चादर लावून चार रंगांचा तक्ता दाखवला. "प्रॉब्लेम काय आहे, की सेक्रेटरीकाका सगळं एकटे करतात. आपण डेलिगेट करायला पाहिजे. प्रत्येक कामाला एक ओनर."

"ओनरच पाहिजे का? भाडेकरू नाही चालणार?" ३०१ने विचारलं. त्यांचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता.

मराठी माणसाला मॅनेजमेंट पटकन समजत नाही, पण खातेवाटप समजतं. चेअरमननी तो शब्द उच्चारला आणि सभेत जान आली. राज्यात ३० जून २०२२ला मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली आणि ९ ऑगस्टपर्यंत महाराष्ट्राचा गाडा त्या दोघांनीच हाकला, तेव्हा पेपरांनी केवढी ओरड केली होती. इथे तर नऊ वर्षं एकाचंच मंत्रिमंडळ होतं. शिवाय खातं म्हटलं की मलईदार खातं आलं. सोसायटीत ते पार्किंग. २८ फ्लॅट आणि गाड्या लावायच्या जागा १४, म्हणजे खात्याला वजन. पार्किंगसाठी पाच जणांनी हात वर केले, त्यांत एकाकडे गाडीच नव्हती. 'गळती' म्हटल्यावर सगळ्यांचे हात खिशात. शेवटी गळतीचे दोन भाग करून आतली गळती ३०३ला आणि बाहेरची गळती ४०४ला दिली. दोघंही त्या दिवशी गैरहजर होते.

प्रत्येक मजल्याला एक पालकमंत्री असावा, ही सूचना ५०३ची. सहा मजल्यांचं निर्विघ्न ठरलं. तिसऱ्या मजल्यावर ३०२ आणि ३०४ दोघंही अडून बसले, कारण जिन्यातल्या चपलांच्या रॅकचा निकाल त्या पदावर अवलंबून होता. नेमणूक सकाळी जाहीर झाली आणि संध्याकाळी स्थगित झाली. यात सोसायटीचा काही कमीपणा नाही. जानेवारी २०२५मध्ये रायगड आणि नाशिकचे पालकमंत्री जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्या नेमणुकांना स्थगिती मिळाली होती. तिथे तर रॅकसुद्धा नव्हता.

प्रस्तुत लेखक मागच्या रांगेत, खांबाआड बसला होता. खांब त्याने विचारपूर्वक निवडला होता. तरीही चेअरमनचं लक्ष गेलं. "तुम्ही लिहिता ना? मग इतिवृत्त, पत्रव्यवहार आणि नोटीस बोर्ड तुमच्याकडे." सूचक २०१, अनुमोदक ४०३, ठराव सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते म्हणजे लेखकाचं मत सोडून. सेक्रेटरींनी जुडग्यातून नोटीस बोर्डाच्या काचेची चावी सोडवून त्याच्या हातात दिली. करंगळीच्या नखाएवढी चावी. लेखकाने ती पाकिटात ठेवली, तक्ता बोर्डात लावून काच बंद केली आणि पंधरा दिवसांत पाकीट बदललं.

त्याचं पहिलं इतिवृत्त चौदा पानांचं झालं. त्यात पार्किंगमध्ये पडलेली तिरपी उन्हं होती, १०१च्या आवाजातला कंप होता, ३०१च्या डोळ्यांतली भाडेकरूची आस होती. चेअरमननी ते दोनदा वाचलं. "छान आहे," ते म्हणाले. "पण ठराव कुठे आहेत?" ठराव राहून गेले होते.

पहिल्या दोन महिन्यांत तक्त्याने फारसा त्रास दिला नाही, कारण काही बिघडलं नाही. मग डक्टमध्ये कबुतर मेलं.

स्वच्छता १०३कडे. १०३नी सांगितलं, झाडू जिथे पोचतो तिथपर्यंत स्वच्छता. डक्ट ४०२कडे. ४०२नी सांगितलं, डक्ट म्हणजे पाइप. पाइप उत्तम आहेत, त्यांच्यावर काय पडलंय तो वेगळा विषय. पाच दिवस पत्रव्यवहार झाला, म्हणजे लेखकाने केला. सहाव्या दिवशी वासामुळे एकमत झालं आणि सफाई कामगाराने शंभर रुपयांत प्रकरण मिटवलं. आता हे शंभर रुपये कोणत्या हेडखाली टाकायचे? खजिनदार तीन आठवडे अडून बसले. 'स्वच्छता'वाले घेईनात, 'दुरुस्ती'वाले घेईनात. शेवटी ती रक्कम 'टपाल व पत्रव्यवहार' या लेखकाच्या हेडखाली पडली. ऑडिटरने विचारलं तर कबुतराचा आणि टपालाचा संबंध ऐतिहासिक आहे असं सांगायचं ठरलं आहे.

खजिनदारांचं आणखी एक. चेकवर दोन सह्या लागतात. जानेवारीत ते मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी निघाले. जबाबदार माणूस, जाण्याआधी वीस कोरे चेक सही करून गेले. बँकेने पहिलाच चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. बँकेत १९९८ साली त्यांनी मराठीत सही दिली होती आणि चेकवर इंग्रजीत केली होती. पासपोर्ट इंग्रजीत होता, त्यामुळे त्या आठवड्यात हाताला तीच सवय लागली होती, असं त्यांनी तिकडून कळवलं. लिफ्टच्या वार्षिक कंत्राटाचे पैसे अडले. सातव्या मजल्यावरचा ७०२ अकरा दिवस जिने चढत होता. चढताना तो कोणाशी बोलत नसे.

गळतीचं सविस्तर लिहिण्यासारखं आहे, पण दोन्ही गळतीमंत्री शेजारी राहतात. एवढंच सांगता येईल की उपविधींनी इथेही वाटप करून ठेवलं आहे. पावसाचं पाणी गच्चीतून आलं किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून आलं तर खर्च सोसायटीचा. वरच्या घरातल्या संडास-बाथरूममधून, सिंकमधून आलं तर संबंधित फ्लॅटवाल्याचा. कायदा स्पष्ट आहे. फक्त थेंबावर पत्ता लिहिलेला नसतो. ५०२च्या हॉलच्या भिंतीवरचा डाग आतल्या गळतीचे ३०३ बघायला आले तेव्हा श्रीलंकेएवढा होता. त्यांनी "बाहेरची" असा निर्णय दिला. बाहेरच्या गळतीचे ४०४ आले तेव्हा तो ऑस्ट्रेलियाएवढा झाला होता. त्यांनी बोट लावून वास घेतला आणि "आतली" म्हणाले. ५०२च्या वहिनींनी दोघांना चहा दिला. दुसऱ्या कपाला साखर नव्हती.

मग व्हॉट्सॲप ग्रुप. पूर्वी त्याचे ॲडमिन एकटे सेक्रेटरी. खातेवाटपानंतर समानतेच्या तत्त्वावर अकराही जण ॲडमिन झाले आणि शिस्त आणायची जबाबदारी प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडली. ग्रुपमध्ये सदस्याने काही भलतंसलतं टाकलं तर केवळ ॲडमिन म्हणून त्याला त्यासाठी गुन्हेगार धरता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली दिला. तो निकाल ग्रुपवर अकरा ॲडमिननी अकरा वेळा टाकला. न्यायालयाने सोडलं तरी ४०३च्या वहिनी सोडत नाहीत. त्यांच्या 'सुप्रभात'ला जो ॲडमिन उत्तर देत नाही, त्याच्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं जात नाही.

एक मात्र मानायला हवं. कामाला माणूस मिळत नाही हा रोग सर्वत्र सारखा नाही. घाटकोपरच्या पंतनगरात, अंधेरीच्या डी. एन. नगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींतल्या माणसाला विचारा. पुनर्विकासाची नुसती कुणकुण लागली की ज्यांना वर्षानुवर्षं खाली उतरायला गुडघे देत नव्हते ते प्रचाराला सात जिने चढतात, चार मजली इमारतीत. शासनाच्या ४ जुलै २०१९च्या निर्देशांनुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, म्हणजे निम्म्याहून एखादं डोकं जास्त; ते डोकं आपलं असावं असं प्रत्येकाला वाटतं. बोरिवलीच्या बाभईत लेखकाचे एक मेहुणे राहतात. त्यांच्या सोसायटीत पंधरा वर्षं सेक्रेटरी मिळत नव्हता. बिल्डरचं पहिलं पत्र आलं आणि दोन मिळाले. दोघंही शिक्का घेऊन फिरतात.

आता पुन्हा मे महिन्याची ती रात्र.

साडेबारा वाजता पंपरूमच्या बंद दाराबाहेर अकरा माणसं उभी होती. ५०१ आणि २०३ यांच्यात पंपाची व्याख्या चालली होती. ७०२ फोनवर तक्त्याची फाइल शोधत होता. लेखक इतिवृत्ताची वही घेऊन आला होता, कारण दुसरं काय आणावं हे त्याला सुचलं नाही. "कुलूप तोडूया," कोणीतरी म्हणालं. कुलपं 'सुरक्षा'मध्ये येतात आणि 'सुरक्षा' म्हणजे १०४. १०४ नाइट ड्यूटीला होते.

सेक्रेटरींना कोणी फोन केला नव्हता. तक्त्यात त्यांच्या नावापुढे फक्त 'समन्वय' होतं आणि समन्वयाला मध्यरात्री उठवतात की नाही हे वॉचमनला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात जिन्यात चपलांचा आवाज आला. बनियन, पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा रिकामा डबा. डबा हलला की खुळखुळ वाजत होता. त्यात सोसायटीतल्या कुलपांच्या ड्युप्लिकेट चाव्या होत्या. खातेवाटपाच्या दिवशी अकरा जणांना चाव्या वाटण्याआधी, शनिवारी संध्याकाळीच, त्यांनी स्टेशनजवळ जाऊन एकेक जोड करून घेतला होता.

"काका, तुम्ही जागे होतात?"

"पावणेबारापासून गॅलरीतच आहे. म्हटलं बघू तर खरं."

पंपरूमच्या भिंतीवर कमरेच्या वर निळ्या ऑइलपेंटची एक आडवी रेघ आहे. २६ जुलै २००५चं पाणी. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. मुलुंडच्या या इमारतीने आपला ब्रशने मोजला. सेक्रेटरी रेघेखाली उकिडवे बसले. मोटरला कान लावला, स्टार्टर बंद करायला लावला. "एअर घेतलीय," ते म्हणाले. खालचा फूट व्हॉल्व्ह झिजला की पाइपातलं पाणी टाकीत उतरतं, पंपात हवा शिरते आणि मग मोटर नुसती फिरत राहते. त्यांनी पान्याने पंपावरचा नट काढला, दोरीला बादली बांधून खालच्या टाकीतून पाणी शेंदलं आणि तांब्याने ओतायला घेतलं. पहिला तांब्या गडप झाला. दुसरा गडप झाला. तिसऱ्याला बुडबुडे आले, चौथा काठोकाठ भरून वाहिला. नट आवळला. "दाब आता."

घरघर बदलली, जड झाली. पाइपावर हात ठेवलेल्या ५०१ला पाणी चढताना हाताला लागलं आणि त्यांनी ते पाहिल्यासारखं सगळ्यांना सांगितलं. सगळं मिळून सात मिनिटं.

"काका, पण टेक्निकली हा इश्यू कोणाकडे येतो?" ७०२ने विचारलं.

"सांगितलं ना, हवा."

७०२ने फाइल वरपासून खालपर्यंत बघितली. पाणी होतं, लाइट होतं, यंत्रसामग्री होती. हवा कोणालाच दिलेली नव्हती. पुढच्या सभेत तक्त्यात एक ओळ वाढवायची, असं तिथेच उभ्याउभ्या ठरलं आणि लेखकाने ते वहीत लिहून घेतलं. आयुष्यातला त्याचा पहिला ठराव.

दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याहून चावी आली, फणसपोळी आली. सेक्रेटरींनी राजीनामा दिला. चेअरमननी नेहमीप्रमाणे तो फाइलला लावला आणि म्हणाले, "काका, तुम्ही असताना आम्हाला काळजी नाही." काकांचा चेहरा तेव्हा ज्याने बघितला त्याला त्या राजीनाम्याची फारशी चिंता वाटणार नाही. गच्चीची चावी द्या, पापड वाळत घालायचेत, असं त्यांना कोणी म्हटलं तर अजूनही ते आधी "किती वेळ?" असं विचारतात.

तक्ता बोर्डावर तसाच आहे. तो काढायचा तर काच उघडायला हवी आणि काचेची चावी लेखकाच्या जुन्या पाकिटाबरोबर भंगारवाल्याकडे गेली. श्रीखंडाच्या डब्यातही ती नाही. एवढ्याशा चावीचा जोड कशाला करायचा, असं काकांना त्या शनिवारी वाटलं होतं. म्हणून यंदाची नोटीस काचेवर बाहेरून चिकटपट्टीने लावली आहे, नेमकी 'पाणी' आणि 'लाइट' या दोन ओळींवर. वार्षिक सर्वसाधारण सभा, सप्टेंबरचा शेवटचा रविवार, सकाळी १० वाजता, पार्किंगमध्ये. विषय क्रमांक ७ : हवा. सर्व सभासदांनी वेळेवर, म्हणजे साडेदहाला, यावं.